नाव, पेरु आणि उर्फ

आमच्या नातीला यंदा शाळेत इंग्रजी शब्दांच्या मुळांची यादी पाठ करायला दिली आहे. त्यात एक अख्खं पान 'ऑनिम' अशा शेपटाच्या शब्दांचं आहे. सिनॉनिम, अँटोनिम, होमोनिम, ॲक्रोनिम, स्यूडोनिम, एपोनिम, टोपोनिम, पॅट्रोनिमिक आणि शेवटी ॲनॉनिमस. ती घोकत होती आणि मी शेजारी शेंगा सोलत ऐकत होते. यादी संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मी बेल्लमपल्लीत पाहिलेला आहे, फक्त तेव्हा त्याला हे नाव असतं हे ठाऊक नव्हतं. आपल्या अंकाच्या वाचकांमध्ये माझ्यासारखेच गोदावरीकाठच्या कोळसापट्ट्यात वाढलेले बरेच जण आहेत. त्यांना आपापली गावं आठवतील, म्हणून हे लिहिते आहे.

आधी शेपटाविषयी. ग्रीक भाषेत 'ऑनोमा' म्हणजे नाव. त्यांच्या काही बोलींत त्याचा उच्चार 'ऑनिमा' असा होई, त्यातून इंग्रजीतलं हे 'ऑनिम' आलं. संस्कृतातलं नामन्, फारसीतलं नाम, लॅटिनमधलं नोमेन, इंग्रजीतलं नेम आणि आपलं नाव ही सगळी या ऑनोमाची भावंडं. विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं सांगितलं, तेव्हापासून हे नातं अभ्यासकांच्या परिचयाचं आहे. आणखी एक साम्य मला फार आवडतं. व्याकरणात आपण ज्याला 'नाम' म्हणतो, त्यालाही जुने ग्रीक 'ऑनोमा'च म्हणत. इंग्रजीतला नाउन हा शब्दसुद्धा त्याच घरातला. म्हणजे वस्तूला हाक मारायचा शब्द आणि माणसाला हाक मारायचा शब्द एकच, हे इतक्या दूरदूरच्या लोकांना सारखंच सुचलं. म्हणूनच 'ऑनिम'चा अर्थ कुठे 'नाव' होतो, तर कुठे नुसता 'शब्द'. सिनॉनिम म्हणजे समानार्थी शब्द, अँटोनिम म्हणजे विरुद्धार्थी शब्द.

होमोनिम म्हणजे सारख्याच नावाचे पण वेगळ्या अर्थाचे शब्द. मराठीत याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'नाव' हाच शब्द. एक नाव हाक मारायची, दुसरी पाण्यात तरंगणारी. पहिली संस्कृत नामन् पासून आली, दुसरी नौ पासून. गंमत अशी, की दोघींनाही ग्रीक बहिणी आहेत. पहिलीची ऑनोमा, दुसरीची 'नाउस', जिच्यावरून ॲस्ट्रोनॉट म्हणजे ताऱ्यांचा नावाडी हा शब्द झाला.

पण बेल्लमपल्लीत हे घराणं संपत होतं. तेलुगूत नावाला 'पेरु' म्हणतात. तमिळमध्ये पेयर, कन्नडमध्ये हेसरु, हे त्याचे नातेवाईक. शाळेच्या पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलीने मला विचारलं, "नी पेरेंदि?" मी घरून फक्त मराठी घेऊन गेलेली. मला वाटलं ही माझा पेरू मागते आहे. माझ्याकडे पेरू नव्हता, म्हणून मी मान हलवली. तिने सगळ्यांना सांगितलं, की या मुलीला नावच नाही. पुढे दोन महिने मी 'पेरु नसलेली' होते. घरी आजी पोट धरून हसली होती. असेच घोटाळे खाणीच्या शब्दाने व्हायचे. तिकडे कोळशाच्या खाणीला 'बोग्गुबायी' म्हणतात. बोग्गु म्हणजे कोळसा आणि बायी म्हणजे विहीर. "नाना बायीला गेला" असं कुणी म्हटलं, तर चांद्याकडून नवीन आलेल्या पाहुण्यांचे चेहरे पाहण्यासारखे होत.

टोपोनिम म्हणजे स्थळाचं नाव. तेलुगूत बेल्लम म्हणजे गूळ आणि पल्ली म्हणजे खेडं. शब्दांवर गेलं तर आमचं गाव गुळाचं खेडं. प्रत्यक्षात 1920च्या दशकाच्या अखेरीस इथे खाणी सुरू झाल्या, त्याच सुमारास काझीपेठ ते बल्लारशा हा रेल्वेमार्ग पुरा झाला आणि गाव कोळशाचं झालं. वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर संध्याकाळपर्यंत काळी रवाळ पूड बसायची आणि पत्त्यावर मात्र गूळ. खाणी होत्या सिंगरेणी कंपनीच्या. सिंगरेणी हेही एक खेडंच, पण ते आमच्याजवळ नव्हे, गोदावरीच्या पलीकडे पार खम्मम जिल्ह्यात. त्या भागात येल्लंदूजवळ 1871 साली भूशास्त्र खात्याच्या डॉ. विल्यम किंग यांना कोळसा सापडला. 1886 साली हैदराबाद डेक्कन कंपनीला खाणीचे हक्क मिळाले आणि 1920 साली सिंगरेणी कॉलियरीज हे नाव घेतलेली कंपनी उभी राहिली. कंपनी उत्तरेकडे पसरली, तसं त्या लहानशा खेड्याचं नावही पसरलं. आमच्याकडे "तो सिंगरेणीत आहे" म्हणजे खाणीत नोकरीला आहे. ते गाव बघितलेला माणूस आमच्या गल्लीत एकही नव्हता.

आजूबाजूची नावंही बोलकी. आदिलाबाद हे विजापूरच्या आदिलशाहीवरून आलं असं सांगतात. आसिफाबाद आसफजाही घराण्याचं. कागजनगर तर सरळ कागदाच्या गिरणीवरून. राज्यकर्ते बदलले, धंदे बदलले, तशी नावं बदलत गेली. आमचा जिल्हा आधी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली भाषावार प्रांत झाले, तेव्हा त्यातले राजुरा आणि किनवट हे तालुके मराठी मुलखात गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. माझ्या आजीचं माहेर राजुऱ्याकडचं. तिचं म्हणणं, "मी कुठंच नाही गेली, माझं माहेरच परराज्यात गेलं." पुढे 2014 साली आम्ही तेलंगणात आलो आणि 2016 साली जिल्हे नव्याने पाडले गेले तेव्हा बेल्लमपल्ली मंचेरियाल जिल्ह्यात गेली. घर एकाच जागी आणि पत्त्याच्या ओळी तीनदा बदललेल्या.

बाहेरच्यांनी दिलेलं नाव म्हणजे एक्सोनिम आणि आपण स्वतःला म्हणतो ते एंडोनिम. हे शब्द नातीच्या यादीत नाहीत, पण आमच्या भागात त्यांच्याशिवाय चालत नाही. ज्यांना आपण गोंड म्हणतो, ते स्वतःला कोईतूर म्हणवतात. जल, जंगल, जमीन यांसाठी निजामाशी झुंजताना 1940 साली मारला गेलेला कोमरम भीम त्यांच्यातलाच. आता एका जिल्ह्यालाच त्याचं नाव दिलं आहे. आम्हा मराठी लोकांनाही असं एक बाहेरचं नाव होतं, 'आरे'. आमची बोली ती 'आरे' बोली. लहानपणी मला ते हिणवणं वाटे, कारण मराठीत 'अरे' म्हणजे एकेरी हाक. नंतर कळलं, की हा तेलुगूतला मराठ्यांसाठीचा जुना, साधा शब्द आहे.

एपोनिम म्हणजे माणसाच्या नावावरून पडलेलं नाव. आपल्याकडे शिवराई नाणं आहे, गांधी टोपी आहे, पुण्याची मस्तानी आहे. खाणीतला एपोनिम म्हणजे डेव्ही दिवा. हम्फ्री डेव्ही याने 1815 साली जाळीने वेढलेली ज्योत असलेला दिवा केला, म्हणजे खाणीतल्या वायूचा भडका उडू नये. डॉ. किंग यांचं नावही असंच कोळशात राहिलं, तिकडच्या एका थराला किंग सीम म्हणतात. माझ्या आजोबांचं नाव कुठल्या थराला मिळणार नव्हतं. खाली उतरताना ते बिल्ला देत आणि दिवा घेत, वर आले की दिवा देत आणि बिल्ला परत घेत. बिल्ल्यावर नाव नसे, आकडा असे. मी एकदा त्यांना विचारलं, की नाव का नाही? ते म्हणाले, "एका नावाची दहा माणसं असतात पोरी. खाली काही झालं तर कोण राहिलं ते आकड्यानंच नेमकं कळतं." ॲनॉनिमस म्हणजे निनावी. निनावी असण्याने जीव वाचतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

आता पॅट्रोनिमिक, म्हणजे वडिलांवरून आलेलं नाव. इथे आमची खरी तारांबळ. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. सचिन रमेश तेंडुलकर. तेलुगूत आडनावाला 'इंटिपेरु', म्हणजे घराचं नाव म्हणतात आणि ते सर्वांत आधी येतं. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. त्यातलं 'पी' हे घर आणि बाकी सगळं त्यांचं स्वतःचं. उलट आपण 'पुलं' म्हणतो तेव्हा पु म्हणजे पुरुषोत्तम आणि लं मधला ल म्हणजे त्यांचे वडील लक्ष्मण. आद्याक्षरं जोडून शब्द केला की त्याला ॲक्रोनिम म्हणतात, रडारसारखा. आपल्या लाडक्या लेखकाच्या ॲक्रोनिममध्ये वडीलही येऊन बसले आहेत. नरसिंह रावांना मराठी उत्तम येई, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली. नावांच्या या दोन रीती त्यांना नक्कीच पाठ असतील.

आणि एवढं वेगळं असूनही दोन्हीकडची आडनावं गावांवरूनच आलेली. तेंडुलकर, शिरवाडकर हे जसे, तसेच सर्वेपल्ली राधाकृष्णन. सर्वेपल्ली हे गाव, आणि शेवटी आमचीच पल्ली. फरक एवढाच, की आपण गाव मागे ठेवतो आणि ते पुढे घालून चालतात.

या फरकाचा त्रास कागदावर होतो. माझ्या वडिलांच्या एका दाखल्यावर आडनाव आधी होतं, दुसऱ्यावर शेवटी, आणि तिसऱ्यावर आजोबांचं नावच आडनाव होऊन बसलं होतं. एका कार्यालयात त्यांना सांगण्यात आलं, की ही तीन माणसं आहेत. वडील शांतपणे म्हणाले, "तिघांना एकच खुर्ची पुरेल." शेवटी प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की वरील सर्व नावांची व्यक्ती एकच आहे.

स्यूडोनिम म्हणजे टोपणनाव. इथे मराठी कवींनी फार सुंदर काम केलं आहे. नाव लपवायचं तर माणूस काहीही धारण करू शकतो. आपले कवी नाव लपवताना नाती उघड करून बसले. कृष्णाजी केशव दामले हे केशवसुत झाले, म्हणजे केशवाचा मुलगा. राम गणेश गडकरी गोविंदाग्रज झाले, गोविंदाचा थोरला भाऊ. आणि ज्यांच्या वाढदिवशी, 27 फेब्रुवारीला, आपण सगळी मंडळं मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, ते शिरवाडकर कुसुमाग्रज झाले, कुसुम या बहिणीचे थोरले भाऊ. त्यांची गोष्ट तर आणखी पुढची. ते जन्माने गजानन रंगनाथ. काकांना दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. एका माणसाची तीन नावं, आणि तिन्ही तितकीच खरी.

माझ्या आजीचीही अशीच अनेक नावं होती, पण ती तिने निवडलेली नव्हती. माहेरी तिचं नाव एका नदीचं होतं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने दुसरं नाव लिहिलं गेलं, ते देवीचं. बेल्लमपल्लीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आल्यावर वर्षभरात माझे थोरले काका झाले आणि ती 'बाळूची आई' झाली. तेलुगू शेजारणीही तिला 'बाळू वाळ्ळम्मा'च म्हणत, त्याचाही अर्थ तोच. मुलावरून पडलेल्या अशा नावाला टेक्नोनिम म्हणतात. ग्रीकमध्ये टेक्नॉन म्हणजे मूल. टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरच्या या चालीला नाव दिलं. आमच्या आळीत ती चाल नव्हती, तो नियमच होता. आजोबा तिला "अगं" म्हणत, ती त्यांना "अहो". हळदीकुंकवाला उखाण्यात ती आजोबांचं नाव यमक जुळवून घेई. तिचं नाव घ्यायची वेळ मात्र कुणावर येत नसे.

ती आली 1984 साली. म्हणजे ती वेळ. आजी गेली. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. वडील गेले, खिडकीतून प्रश्न आला, "पेरु?" वडिलांनी देवीचं नाव सांगितलं. नोंद झाली, दाखला मिळाला. मग काही महिन्यांनी आजीच्या लाकडी पेटीत पोस्टाची बचतपत्रं सापडली. तिच्या भावाने तिच्यासाठी घेतलेली, आणि भावाच्या दृष्टीने ती अजून नदीच होती. पत्रांवर माहेरचं नाव. रक्कम फार नव्हती. पण आता सिद्ध करायचं होतं, की नदी आणि देवी एकच.

कोणत्या कागदावर दोन्ही नावं होती? कुठल्याच नाही. तिचा शाळेचा दाखला नव्हता, कारण शाळा नव्हती. लग्नपत्रिका छापलेली नव्हती. भाऊ वारला होता. त्या वेळी माझ्या आईला फडताळावरची पितळी घागर आठवली. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून घेतात. त्या घागरीच्या काठाखाली, रोज चिंचेने घासून पुसट झालेली अक्षरं होती. माहेरचं नाव, आणि ज्या भावाने ती लग्नात दिली त्याचं नाव. आईने पिठाची चिमूट अक्षरांवर फिरवली तशी ती पांढरी उठून दिसली. आजोबा घागरीकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. मग त्यांनी ते नाव मोठ्याने उच्चारलं. पन्नासएक वर्षांच्या संसारात ते नाव त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

घागर काही पुरावा म्हणून चालत नाही. पण ती पाहून आजीच्या माहेरगावचे दोन म्हातारे साक्षीला यायला तयार झाले आणि प्रतिज्ञापत्र झालं. त्यात ती दोन नावं एका शब्दाने जोडली होती, 'उर्फ'. हा अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला शब्द. वर्तमानपत्रात तो बहुतेक वेळा गुन्हेगारांच्या नावात दिसतो, त्यामुळे त्याला उगीच वाईट वास लागला आहे. माझ्या मते तो मराठीतला फार दयाळू शब्द आहे. तो दोनांतलं एक नाव खोडत नाही. समानार्थी शब्द कधीच पुरते सारखे नसतात, आपण पाहुण्याला पाणी देतो आणि देवाला जल वाहतो. तशीच नदी आणि देवी सारख्या नव्हत्या. एक राजुऱ्याची मुलगी होती, दुसरी बेल्लमपल्लीची गृहिणी. उर्फने दोघींना शेजारी बसवलं.

आईवरून नाव घेणं, मेट्रोनिमिक, आपल्याला परकं नाही. गौतमीपुत्र सातकर्णी हा सातवाहन राजा महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांनाही आपला वाटतो, आणि त्याच्या नावात आई आधी आहे. महाराष्ट्र सरकारने 2024 साली ठरवलं, की 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव लिहायचं. तेलंगणात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो नियम लागू नाही, पण घरच्या वहीला कुणाचा नियम लागत नाही.

अनेक घरांत अलीकडे वंशावळी काढण्याचा उत्साह आहे. मी पाहिलेल्या वंशावळींत पुरुषांच्या सात सात पिढ्या असतात आणि बायकांच्या जागी 'पत्नी' किंवा नुसतं 'सौ.' असतं. माझी एवढीच विनंती आहे, की आपल्या घरातल्या आज्या, पणज्या, आत्या, काकू यांची दोन्ही नावं आत्ताच विचारून लिहून ठेवावीत. ज्यांना ती ठाऊक आहेत, त्या पिढीतली माणसं आता थोडी उरली आहेत. कागद नसेल तर माळ्यावरची भांडी उतरवून पाहावीत. पितळेवरची अक्षरं पुसट असतात, पण चिमूटभर पीठ चोळलं की दिसतात.